शू रॅक, खुंट्या, छत्र्या आणि दारातला चिखल – रत्नागिरीच्या पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

शू रॅकचे ऑनलाइन रिव्ह्यू कधी नीट वाचलेत का? बहुतेक सगळे डिलिव्हरी आली त्याच दिवशी लिहिलेले असतात, "मस्त प्रॉडक्ट, पॅकिंग छान, पाच स्टार", आणि सोबत फोटोत नवे कोरे चार बूट ठेवलेले. लिहिणारे पुण्याचे नाहीतर बंगळूरचे. आता पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे रत्नागिरीत तीन हजारच्या वर, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच ओतून मोकळा होतो. मग त्या पाच स्टारांचं आपण काय लोणचं घालायचंय? म्हणून मी मुद्दाम थांबले, अख्खा पावसाळा आणि गणपती उरकून आता लिहितेय. दारातली जागा लावण्यासाठी घरात जे जे आलं, जे टिकलं आणि जे भंगारात गेलं त्या सगळ्याचा हा रिव्ह्यू आहे. लांबलाय जरा, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगते म्हणजे अंदाज येईल. तळमजल्यावरचा फ्लॅट, समुद्र फार लांब नाही, वारा सुटला की खारट हवा सरळ घरात. दार उघडून आत आलं की चार फूट बाय साडेतीन फूट जागा आणि लगेच हॉल सुरू. दार आत उघडतं त्यामुळे त्यातली निम्मी जागा दारच खातं. राहतो पाच जण – आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. बाहेर पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही असा सोसायटीचा नियम, तो बरोबरच आहे म्हणा, जिन्याची वाट अडते. म्हणजे पावसाळ्यात त्या चार फुटांत काय काय येतं बघा: पाच जणांच्या पावसाळी चपला, शाळेचे बूट, ऑफिसचे बूट, दोन गमबूट, स्कूटरवरचे दोन तुकड्यांचे रेनकोट, मुलांचे दप्तरावरून घालायचे पोंचो, चार-पाच छत्र्या (त्यातल्या दोन मोडक्या, पण टाकवत नाहीत), दप्तरं, माझी ऑफिसची बॅग, बाजाराच्या पिशव्या, मासळीची पिशवी, दोन हेल्मेट, बॅटरी, किल्ल्या. थंडीचे कोट-बिट आपल्याकडे नसतात हे नशीब.

गावच्या घराला हा प्रश्नच नव्हता. पुढे खळं, मग पडवी, मग ओटी. पायऱ्यांपाशी पाण्याने भरलेली दगडी डोण, पाय धुवायचे, चपला पडवीच्या कडेला, छत्री पडवीच्या वाशाला उलटी टांगायची, पूर्वीची माणसं इरली तिथेच अडकवायची. पाणी गळायचं ते जमिनीत नाहीतर पागोळ्यांच्या चरात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून झापांचा आडोसा, पण वारा मात्र खेळता. म्हणजे ओलं माणूस घरात शिरेपर्यंत तीन टप्प्यांत निथळायचं. फ्लॅटमध्ये ते तिन्ही टप्पे चार फुटांत कोंबायचे असतात आणि फर्निचरच्या दुकानात जे मिळतं ते सगळं केलेलं असतं चपला "लपवण्यासाठी". कोकणात लपवायचं नसतं हो, निथळवायचं आणि वाळवायचं असतं. पुढे जे काही चांगलं-वाईट लिहितेय ते सगळं या एकाच मापाने मोजलंय: पाणी खाली जायला वाट आहे का, आणि वारा आरपार जातो का.

पहिला नंबर त्या घडीच्या शू रॅकचा, प्लास्टिकच्या नळ्या जोडून उभा करायचा आणि वरून चेनवाल्या कापडाची खोळ. ऑनलाइन सगळीकडे हाच दिसतो, स्वस्त असतो, पंधरा मिनिटांत उभा राहतो. उभा राहतो म्हणजे काय, कललेलाच असतो, वरच्या कप्प्यात गमबूट ठेवला की अजून कलतो. खोळ बंद केली की आत ओल्या चपलांची भट्टी, आणि उघडी ठेवायची तर खोळ हवीच कशाला. आषाढ संपायच्या आत खोळीवर आतून काळे ठिपके आले, वास असा की पाहुणा दारातच थबकावा. हॉस्टेलवरच्या पोरांना उन्हाळ्यापुरता ठीक आहे. पाचपैकी एक, तोही नळ्यांना, कारण त्या नंतर सासूबाईंनी दोडक्याच्या मांडवाला वापरल्या.

आता खरी गोष्ट ते कपाट. शहरातल्याच एका फर्निचरच्या दुकानातून आलं, नाव लिहीत नाही कारण हाच माल सगळ्यांकडे आहे. बंद शू कॅबिनेट, पुढची झाकणं तिरकी खाली उघडतात, वर बसायला गादी, रंग अक्रोडाचा, आणि दिसायला खरंच देखणं. दारात ठेवल्यावर शेजारच्या काकू येऊन हात फिरवून गेल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम वॉटरप्रूफ आहे, वरून लॅमिनेट आहे ना." लॅमिनेट वॉटरप्रूफ असतं हे खरंच आहे, पण आतला बोर्ड नसतो. तो असतो पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा गोंदाने, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या, दाबून केलेली फळी. वरून-खालून लॅमिनेट चिकटवतात, पुढच्या कडेला पट्टी लावतात, पण मागची कड, तळाची कड, बिजागरीसाठी पाडलेली भोकं, स्क्रूची भोकं हे सगळं उघडंच. ओल्या चपलेचं पाणी ओघळून बरोबर तिथेच जातं. आणि बोर्ड फुगतो तो पाण्यात पडलेल्या पोह्यांसारखा, नंतर कितीही वाळवला तरी परत मूळ मापाला येत नाही, कारण दाबून बसवलेल्या चिपा एकदा सुटल्या की सुटल्या.

आमच्याकडे तळाची फळी आधी गेली. रोज लादी पुसतो, ते फडक्याचं पाणी कपाटाखाली जातं, वर पावसाळी दमट हवा, शिवाय कपाटाला पाय नव्हते, सरळ जमिनीवर टेकलेलं. पुढची पट्टी सुटली, मग कड फुगून झाकण घासायला लागलं, मग बिजागरीचे स्क्रू नुसते बोटाने फिरायला लागले. नवऱ्याने काड्यापेटीच्या काड्या आणि फेविकॉल घालून स्क्रू परत बसवले, आठवडाभर टिकले असतील. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे आतली हवा. कपाटाला मागे दोन बोटांएवढी भोकं होती "व्हेंटिलेशन" म्हणून, आणि ती भिंतीकडे! हवा जाणार कुठून. नवऱ्याचे लेदरचे बूट आत होते, दहीहंडीच्या सुमाराला काढले तर वर पांढरी-हिरवी लव, अगदी हात लावू नये अशी. बुरशीला फार काही लागत नाही, साधारण सत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा आणि स्थिर हवा मिळाली की तिचं भागतं, आणि आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेचाच दमटपणा पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात असतो, मग बंद कपाटात ओले बूट ठेवल्यावर काय होणार. लेदर तर चामडंच, तिला खायलाही आयतं मिळतं.

दुकानात जाऊन सांगितलं तर उत्तर आलं, "पाण्यात ठेवायचं नसतं मॅडम." शू रॅक आहे हो, देव्हारा नाही! बदलून काही मिळालं नाही. सुतारकाका बघायला आले, त्यांनी कपाट नुसतं तिरकं करून खालून बघितलं आणि हसले. त्यांचं म्हणणं, बंद कपाटच पाहिजे असेल तर प्लायवूडचं करून घ्या आणि प्लायवर शिक्का बघा, आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा नंबर) असेल तर तो मरीन ग्रेड, उकळत्या पाण्यात टिकेल असा गोंद असतो त्याला. आयएस ३०३ मध्ये बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) आणि एमआर असे दोन प्रकार येतात, त्यातला एमआर फक्त दमट हवेपुरता, ओल्या कामाला नाही. दुकानवाले नुसतं "आयएसआय प्लाय आहे" म्हणतात, ७१० की ३०३ ते सांगत नाहीत, तेव्हा फळीवरचा छाप स्वतः वाचायचा. पण मग तेच पुढे म्हणाले, "ताई, पण बंद कशाला पायजे? चपला काय दागिनं हायत?" हे वाक्य मला फार पटलं. कपाटाला पाचपैकी दीड, आणि तो दीड दिसण्याचा.

मधे एक पावडर कोटिंगवाला लोखंडी जाळीचा रॅकही होता, नणंदेने बदली झाली तेव्हा देऊन टाकलेला. उघडा होता म्हणून वास नाही, बुरशी नाही, हे मान्य. पण जिथे जिथे वेल्डिंगचा जोड तिथे तिथे गंज, आणि पायांना जी प्लास्टिकची टोपणं असतात त्यांच्यात पाणी साठून पाय आतून सडले. कोटिंगला एकदा टवका उडाला की खाऱ्या हवेत गंज आत शिरतो आणि कोटिंगखाली पसरत जातो, वरून कळतही नाही. पांढऱ्या लादीवर चार तांबडे गोल डाग आलेत ते अजून निघाले नाहीत. घाटावर चालेल, इथे नको.

मग शेवटी जे केलं आणि ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते म्हणजे स्टीलच्या पाइपचा उघडा रॅक, एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून मापाने करून घेतलेला. रुंदी अडीच फूट, खोली फक्त अकरा इंच (दार पूर्ण उघडायला हवं म्हणून), चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पाच पाइप. कप्पे पुढच्या बाजूला किंचित उतरते ठेवलेत म्हणजे पाणी साठत नाही, आणि सगळ्यात खाली सुटा पत्र्याचा ट्रे, तोही स्टीलचाच, उचलून मोरीत ओतला की झालं. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून नऊ इंच वर. त्याचं कारण पुढे सांगते.

स्टील घेताना ३०४ आहे की २०२ हे विचाराच, कारण दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. ३०४ म्हणजे आपल्या भांड्यांवर १८/८ लिहिलेलं असतं तेच, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि म्हणूनच खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. माझा समज होता की लोहचुंबक लावला की कळतं, तर फॅब्रिकेटर दादाने चुंबक लावूनच दाखवला, दोन्हीला चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४३० सारखं स्टील कळतं. २०२ ओळखायला थेंब टाकून रंग बघायचं लिक्विड असतं, चांगल्या स्टीलवाल्याकडे ते असतंच, आपल्यासमोर टाकायला सांगायचं आणि बिलावर ३०४ लिहून घ्यायचं. अगदी समुद्राला लागून घर असेल, म्हणजे लाटांचे तुषारच येत असतील तर ३१६ घ्यावं म्हणतात, त्यात मॉलिब्डेनम असतं ते मिठाला जास्त टिकतं, पण ते खूप महाग पडतं आणि चपलांसाठी जरा अतिच.

आता या रॅकमध्ये सगळं गोडच आहे असं नाही. एक, आवाज. धाकटा बूट काढून भिरकावतो, सकाळी सातला टण्णकन घंटा. दोन, पाइपमधलं अंतर मी दीड इंच सांगितलं होतं तरी मधल्या कप्प्यात जरा जास्त पडलंय, लहान मुलांच्या चपला आणि माझ्या बारीक टाचेच्या सँडल त्यातून खाली लटकतात, तुम्ही करून घेताना एका लहान मुलाची चप्पल घेऊनच जा मापाला. तीन, पावसाळा संपता संपता काही जोडांवर फिकट तपकिरी डाग आले. मी फॅब्रिकेटर दादाला फोन केला तर म्हणाला गंज नाही तो, ३०४ ला पण समुद्राजवळ असे चहासारखे डाग पडतात, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं मारा. मारलं, गेले. वायरब्रश आणि लोखंडी घासणी अजिबात नको म्हणाला, तिचे कण अडकून उलट गंज धरतो. खरंय, आमच्याकडे बाईंनी एक कोपरा घासणीने चकाचक केला होता, नेमका तोच कोपरा आधी लाल झाला. आणि चार, हे काय फर्निचर दिसत नाही, दवाखान्यातलं स्टँड वाटतं असं थोरली म्हणते. वाटू दे.

फायदा मात्र एवढा मोठा आहे की बाकी सगळं माफ. रात्री ओल्या ठेवलेल्या चपला पंख्याचा वारा लागून सकाळी निदान निथळलेल्या असतात. शाळेचे कॅनव्हासचे बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सगळ्यात वरच्या कप्प्यात आडवे ठेवले की दुसऱ्या दिवशी घालण्याजोगे होतात, बोळे झोपताना एकदा बदलायचे फक्त. भाट्याच्या किनाऱ्यावरून आलं की वाळू पाइपमधून थेट ट्रेमध्ये. कुठे पुसायला बोट जात नाही असा कोपराच नाही.

आणि नऊ इंचाची गोष्ट. तळमजला, मागे जांभ्याचा गडगा, पालापाचोळा, म्हणजे पावसाळ्यात विंचू, गोम, पैसे (ते वेटोळं घालणारे किडे) हे सगळे पाहुणे ठरलेले, आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या बाजूला घर असेल तर फुरशाचीही, त्या विषारी सापाची भीती. अंधारी, दमट, बंद जागा आणि त्यात बूट, यापेक्षा चांगला बंगला विंचवाला कोण देणार? आपल्या कोकणात हा विषय चेष्टेचा नाहीये, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच्या आधीच्या पिढीत विंचू चावून माणूस गेल्याच्या गोष्टी घराघरात आहेत, सासूबाईंच्या माहेरीही आहे. म्हणून रॅकखाली केरसुणी सरळ आरपार गेली पाहिजे आणि वाकल्यावर पलीकडची भिंत दिसली पाहिजे. जमिनीला टेकलेलं कपाट म्हणून पण नको. बूट झटकून घालायची सवय तरीही सोडायची नाही, गमबूट तर उलटा करून दोनदा आपटायचाच.

आता अडकवायच्या गोष्टी. चिकटवायचे पारदर्शक हुक, पाच किलो वजन पेलतो लिहिलेले, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात एकामागून एक पडतात. गोंद वाईट असतो असं नाही, तो रंगाला चिकटतो आणि आपल्याकडे ओल धरलेल्या भिंतीवरचा रंगच भिंतीला चिकटलेला नसतो. हुक पडला तेव्हा हाताएवढा पोपडा घेऊन पडला. टाइल्सवर किंवा काचेवर ठीक, भिंतीवर नाही.

भिंतीत ड्रिल मारायचं तर आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची. ज्यांनी जांभ्यात भोक पाडलंय त्यांना माहितीये, बिट आत गेला की लाल माती भुरभुर पडत राहते, सहा एमएमचं भोक बघता बघता बारा एमएमचं होतं आणि प्लास्टिकची गिट्टी आत खुळखुळते. चिऱ्याला अंगचीच छिद्रं असतात, मधेच पोकळी लागली तर संपलंच. सुतारकाकांनी साधा उपाय केला, प्रत्येक हुकाला वेगळं भोक पाडायचंच नाही. साडेतीन फुटांची एक सागवानी पट्टी घेतली, ती भिंतीला फक्त चार ठिकाणी ठोकली, त्या चार ठिकाणी भोक मोठं करून आत सिमेंट आणि लाकडाची गुल्ली बसवली, दोन दिवस सुकू दिलं आणि मग लांब स्टीलचे स्क्रू. हुक सगळे पट्टीवर. भिजलेल्या दप्तराचं वजन चारही ठिकाणी वाटलं जातं. पट्टी आणि भिंत यांच्यात त्यांनी अर्ध्या इंचाच्या चकत्या घातल्या म्हणजे मागे ओल धरणार नाही, हे मला सुचलं नसतं. हुक पितळी घेतले, काळे पडतात पण गंजत नाहीत. पाचपैकी पाच, हात आखडता न घेता.

अशीच दुसरी आखूड पट्टी खाली, जमिनीपासून तीन फुटांवर, मुलांसाठी. ही नसती तर दप्तर आयुष्यभर सोफ्यावरच राहिलं असतं. हुकापर्यंत हात पोचला की पोरं अडकवतात, नाही पोचला की टाकतात, यात संस्कारांचा काही संबंध नाही.

रेनकोट मात्र या पट्टीवर नाही हं. ओलं आणि कोरडं एकाच रांगेत टांगलं की सगळंच ओलं. रेनकोट आणि पोंचो रॅकच्या बरोबर वर, म्हणजे गळतं ते रॅकच्या ट्रेमध्ये, आधी चपलांवर पडतं पण त्या ओल्याच असतात. कॉलरच्या पट्टीने अडकवण्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या हँगरवर घातला तर बाह्या सुट्या राहून आतून वाळतो, नाहीतर बगलेत कुबट वास येतो. छत्र्यांसाठी दुकानात मिळणारं ते नक्षीचं स्टँड बघितलं, बुडाशी पाणी साठून तिथेच डास होतील असं वाटलं म्हणून नाही घेतलं. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटांचे तीन तुकडे आणले, क्लँपने रॅकच्या कडेला उभे बांधले, खालून उघडे, तळाला एक आडवी तार म्हणजे छत्री खाली सरकत नाही. छत्री मूठ खाली आणि टोक वर करून ठेवायची की टोक खाली यावर घरात दोन पक्ष आहेत. माझं मत टोक खाली, पाणी कापडावरून उतरून जातं.

मासळीची पिशवी. याचं उत्तर सरळ आहे, ती आत येतच नाही. दाराबाहेर मागच्या बाजूला वेगळी खुंटी, धुऊन तिथेच वाळते. सोसायटीला त्याचं काही नाही, निम्म्या सोसायटीच्या पिशव्या तिथेच असतात.

पायपुसण्याबद्दल थोडक्यात. मऊ मायक्रोफायबरचं दिसायला छान, पाणीही खूप पितं, पण पिऊन बसतं, दोन वापरांनंतर ते पाय पुसत नाही, ओले करतं. काथ्याचं पायपुसणं चिखल खरवडायला अजून नंबर एक, काथ्या लवकर कुजत नाही, पण ज्याला खालून रबर किंवा पीव्हीसी चिकटवलेलं असतं ते नको, खाली पाणी कोंडतं आणि उचललं की लादीवर काळा चौकोन. साधं विणलेलं, दोन्ही बाजूंनी उघडं घ्या, दोन घ्या, एक बाहेर एक वाळत. आत मात्र जुन्या सुती साडीची घडी. यावर कुठलीच कंपनी मात करू शकलेली नाही.

ते दमटपणा शोषणारे डबे मिळतात ना, आत पांढरे खडे आणि खाली पाणी साठतं, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. उघड्या जागेत ठेवले तर ते बिचारे अख्ख्या रत्नागिरीची हवा सुकवायला बसतात, डबा भरतो, दमटपणा तिथेच. पण मे महिन्यात लेदरचे बूट नीट पुसून, उन्हात नाही तर सावलीत वाळवून, पॉलिश करून हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात घातले आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर बूट दसऱ्याला जसेच्या तसे निघतात, यंदा निघाले. डबा थेट माळ्यावर, दारात त्याचं काही काम नाही. दारातल्या जागेचा निम्मा प्रश्न असाच सुटतो, जे चार महिने लागणार नाही ते तिथून हलवायचं.

बसायला गादीवाल्या कपाटाची जागा रिकामी झाली म्हणून सासूबाईंची कुरकुर होती, त्यांना वाकून चप्पल घालता येत नाही. गावच्या घराच्या डागडुजीत फणसाची एक जुनी फळी निघाली होती, सुतारकाकांनी तिचं अरुंद बाक केलं, खाली मोकळं, भिंतीला घडीच्या बिजागरीने, बसून झालं की वर उचलून ठेवायचं. फणसाला वाळवी सहसा लागत नाही आणि तेलाचा हात दिला की रंग काय सुंदर येतो, मधासारखा नाही, हळदीतून तांबूस होत जाणारा. बिजागऱ्या फक्त जरा हलक्या लागल्यात, जाड माणूस बसला की मला धाकधूक होते. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आम्ही हॉलमध्येच बसवतो.

आणि परीक्षा म्हणाल तर गणपतीत झाली. मुंबईहून दोन कुटुंबं चाकरमानी, आरतीला शेजारपाजारचे, बाहेर भाद्रपदातली सर. रॅकवर वीसेक जोड मावतात, बाकीच्या चपला बाहेर जिन्याखाली पसरल्याच, त्याला कुठलाच रॅक पुरा पडणार नाही आणि पडावा अशी अपेक्षाही नाही. पण ओले रेनकोट सोफ्यावर आले नाहीत, छत्र्यांची अदलाबदल झाली नाही (एक झाली, पण ती आमच्या फायद्याची), आणि हॉलमध्ये चिखलाची पावलं मखरापर्यंत गेली नाहीत. एवढं पुरे झालं मला. ट्रे मात्र आरतीच्या आरतीला ओतावा लागत होता, पाच जणांचा ट्रे वीस जणांना लहानच.

खर्चाचं: रॅक ट्रेसकट साडेचार हजारांच्या आत बसला, दोन्ही पट्ट्या हुक आणि मजुरीसकट दोन हजारांच्या आसपास, पाइपचे तुकडे प्लंबरने उरलेल्यातले दिले, फक्त क्लँपचे पैसे. सडलेलं कपाट एकटंच याहून महाग होतं.

करून घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, मे महिन्यात फॅब्रिकेटरच्या दारात जाऊ नका. तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला पावसाआधी पत्र्याची शेड पाहिजे असते आणि तुमच्या अडीच फुटांच्या रॅककडे कोणी बघत नाही, "उद्या या ताई" ऐकत मिरग उजाडतो. शिमगा झाला की लगेच माप देऊन या. चप्पल सोबत न्या, लहान मुलाची.